आयटीपीच्या फाईलमधील टी पेशींचे पान कसे वाचावे

गेल्या वर्षी दिवाळीच्या आठवडाभर आधी रामबागेत राहणारी माझी आतेबहीण सुनेची जाडजूड फाईल काखेत घेऊन घरी आली आणि पुढ्यातला चहा तसाच ठेवून तिने फाईलमधले शेवटचे पान माझ्यापुढे धरले. सून ३२ वर्षांची, शाळेत शिकवणारी. तीन आठवड्यांपूर्वी तिच्या पिंडऱ्यांवर लाल ठिपके उठले, हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तपासणीत प्लेटलेट १८,००० निघाल्या, आणि डॉक्टरांनी ‘आयटीपी’ (इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया, म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणाच प्लेटलेट नष्ट करते तो आजार) असे निदान करून स्टेरॉइड सुरू केले. इथपर्यंत सगळे घरच्यांना समजले होते. शेवटचे पान मात्र कुणा नातेवाइकाच्या सांगण्यावरून बाहेरून करून आणलेल्या टी पेशींच्या, म्हणजे प्रतिकारयंत्रणेतील एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या, तपासणीचे होते आणि त्यात तीन आकड्यांसमोर खाली वळलेले बाण होते. “दादा, तिची प्रतिकारशक्तीच संपली का रे?” एवढाच तिचा प्रश्न होता.

इंदूरमधील एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत मी तीसेक वर्षे काचपट्ट्या पाहण्यात घालवली असल्यामुळे असे प्रश्न माझ्याकडे येतात. या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे एका शब्दात देता येते, पण ते पटण्यासाठी फाईल योग्य क्रमाने वाचावी लागते. टी पेशींचे पान सर्वांत शेवटी वाचायचे असते आणि त्याच्या आधीची पाने नीट लागल्याशिवाय ते वाचून काहीही हाती लागत नाही. उपचाराचे निर्णय रक्तविकारतज्ज्ञांनीच घ्यायचे आहेत. घरच्यांना त्यांच्यासमोर नेमके प्रश्न घेऊन बसता यावे, एवढ्यासाठी हा क्रम सांगतो.

आधी पहिले पान

प्लेटलेट, म्हणजे ज्यांना पुस्तकात रक्तबिंबिका म्हणतात त्या, एका मायक्रोलिटर रक्तात साधारण दीड ते साडेचार लाख असतात. हा आकडा एक लाखाच्या खाली गेला आणि त्याला दुसरे कोणतेही कारण सापडले नाही, तरच आयटीपीचा विचार होतो. म्हणजे हे निदान इतर कारणे वगळत वगळत करायचे निदान आहे आणि त्यातील पहिली शंका खुद्द आकड्याविषयीच घ्यायची असते.

जांभळ्या टोपीच्या नळीत ईडीटीए नावाचे रसायन असते. काही लोकांच्या प्लेटलेट या रसायनात एकमेकींना चिकटतात, यंत्र त्या गुठळीला प्लेटलेट म्हणून मोजत नाही, आणि ठणठणीत माणसाच्या रिपोर्टवर ३०,००० छापून येतात. काचपट्टीवर रक्ताचा थर जिथे पातळ होत संपतो, त्या पिसासारख्या कडेला सूक्ष्मदर्शक नेला की वीस-पंचवीस जांभळट कण एकत्र बसलेले दिसतात, अगदी साबुदाण्याची खिचडी गोळा झाल्यासारखे. असे दिसले की निळ्या टोपीच्या सायट्रेटच्या नळीत रक्त पुन्हा घेऊन मोजणी करायची. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा की काचपट्टी कुणी डोळ्यांनी पाहिली का आणि त्यात गुठळ्या होत्या का. इंदूरमध्ये हे संभाषण बहुधा हिंदीतच होते, तेव्हा “स्लाइड देखी थी क्या, प्लेटलेट क्लम्प तो नहीं थे?” एवढे विचारले तरी पुरे. खऱ्या आयटीपीच्या काचपट्टीवर प्लेटलेट विरळ असतात, त्यातील काही नेहमीपेक्षा मोठ्या दिसतात, आणि लाल व पांढऱ्या पेशींचे रूप बिघडलेले नसते.

दुसरी शंका डेंग्यूची. पावसाळा सरत आला की आपल्याकडे घरोघरी प्लेटलेटचे आकडे पाठ होतात, त्यामुळे आयटीपीचा रुग्णही प्रथम डेंग्यूच्याच रांगेत उभा केला जातो. डेंग्यूत ताप असतो, आणि तो उतरल्यानंतर काही दिवसांत प्लेटलेट आपोआप चढू लागतात; आयटीपीत ताप नसतो आणि आकडा खालीच रेंगाळतो. मलेरिया, हेपटायटिस सी, एचआयव्ही, बी१२ जीवनसत्त्वाची कमतरता, यकृताच्या आजाराने वाढलेली पाणथरी (प्लीहा), काही औषधे, ही इतर कारणेही तपासलेली असावीत. शाकाहारी घरांत बी१२ची बाब मी मुद्दाम अधोरेखित करतो, कारण ती स्वस्तात कळते आणि सहज बरी होते.

ठिपके पाहण्याची रीतही सांगून ठेवतो. काचेचा स्वच्छ पेला पिंडरीवरील ठिपक्यावर दाबून आरपार पाहावे. साध्या पुरळाचा लाल रंग दाबाखाली फिका होतो. त्वचेखाली झिरपलेल्या रक्ताचा ठिपका मात्र टाचणीच्या डोक्याएवढा, लालजांभळा, जसाच्या तसा दिसत राहतो. मोज्याच्या रबराच्या रेषेवर असे ठिपके ओळीने उठलेले सापडतात.

जुन्या कागदांवर या आजाराच्या नावात ‘इडिओपथिक’, म्हणजे कारण अज्ञात, असा शब्द असे. २००९मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने तो बदलून ‘इम्यून’ हा शब्द ठरवला आणि पहिल्या तीन महिन्यांपर्यंत नवा, तीन ते बारा महिने टिकून राहिलेला आणि बारा महिन्यांनंतर जुनाट, असे टप्पे केले. फाईलवर निदानाची तारीख ठळक लिहावी, कारण पुढचे बरेचसे निर्णय या टप्प्यावर अवलंबून असतात.

प्रतिपिंडांचे पान, आणि ते कोरे का येते

अमेरिकेतील सेंट लुईस येथे विल्यम हॅरिंग्टन नावाच्या तरुण डॉक्टरने १९५०मध्ये आयटीपीच्या रुग्णाचे रक्त स्वतःच्या शिरेत घेतले. काही तासांत त्याच्या स्वतःच्या प्लेटलेट धोक्याच्या पातळीखाली कोसळल्या आणि काही दिवसांनी पूर्ववत झाल्या. आज कोणतीही नीतिसमिती असल्या प्रयोगाला परवानगी देणार नाही, पण रुग्णाच्या रक्तात फिरणारे काहीतरी प्लेटलेट मारते, हे त्यातून निर्विवाद ठरले. ते काहीतरी म्हणजे प्रतिपिंडे (अँटीबॉडी). प्लेटलेटच्या पृष्ठभागावरील ग्लायकोप्रोटीन २बी-३ए आणि १बी-९ या प्रथिनांना ती चिकटतात, आणि अशी खूण लागलेल्या प्लेटलेट पाणथरीतील भक्षक पेशी गिळून टाकतात. एरवी सात ते दहा दिवस जगणारी प्लेटलेट मग काही तासांत किंवा एखाद-दोन दिवसांत संपते. अस्थिमज्जेतील ज्या मोठ्या पेशींपासून प्लेटलेट तयार होतात, त्यांच्यावरही हीच प्रथिने असल्यामुळे उत्पादनालाही झळ पोहोचते.

गोष्ट इथेच पूर्ण झाली असती तर टी पेशींचा विषय काढावाच लागला नसता. परंतु आयटीपीच्या बऱ्याच रुग्णांत उत्तम पद्धतीने शोधूनही ही प्रतिपिंडे सापडत नाहीत. फाईलमधील हे पान ‘निगेटिव्ह’ आले म्हणून आयटीपी नाही असा अर्थ होत नाही, आणि म्हणूनच बहुतेक तज्ज्ञ ही तपासणी निदानासाठी आवश्यक मानत नाहीत. काही वेळा प्रतिपिंडे असतात पण तपासणीची पद्धत अपुरी पडते. काही वेळा मात्र प्लेटलेट मारणारा हात दुसराच असतो.

टी पेशींचे काम आणि त्यातील बिघाड

टी पेशी अस्थिमज्जेत जन्मतात आणि छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत त्यांची परीक्षा होते. स्वतःच्या शरीरावर तुटून पडणाऱ्या बहुतेक टी पेशी तिथेच बाद होतात, पण काही निसटतातच. १९९०च्या दशकात प्लेटलेटच्या २बी-३ए प्रथिनाला ओळखणाऱ्या टी पेशी शोधल्या गेल्या, तेव्हा त्या रुग्णांत तर सापडल्याच, पण योग्य परिस्थिती दिल्यास निरोगी माणसांतही सापडल्या. या सगळ्या विषयात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब हीच आहे. चुकीची पेशी अंगात असणे हा आजार नव्हे. तिला आवरणारे कुणी नसणे आणि तिला सतत चिथावणी मिळत राहणे, हा आजार आहे.

चिथावणी कशी मिळते हे जपानी संशोधकांच्या १९९८मधील कामातून स्पष्ट झाले. रुग्णांच्या सीडी४ प्रकारच्या टी पेशी, ज्यांना साहाय्यक पेशी म्हणतात, त्या अखंड २बी-३ए प्रथिनाला प्रतिसाद देत नव्हत्या; त्याच प्रथिनाचे तुकडे दिले की मात्र जाग्या होत होत्या. असे तुकडे शरीरात तयार होतात ते पाणथरीतील भक्षक पेशीच्या पोटात. ती खूण लागलेली प्लेटलेट गिळते, तिचे तुकडे करते आणि ते आपल्या पृष्ठभागावर मांडून ठेवते. ते पाहून साहाय्यक टी पेशी चेतते, ती बी पेशीला प्रतिपिंडे बनवण्याचा इशारा देते, नवी प्रतिपिंडे आणखी प्लेटलेटना खूण लावतात, आणि भक्षक पेशीपुढे पुन्हा ताट वाढले जाते. पाणथरी ही या आजारात केवळ प्लेटलेटची स्मशानभूमी नसून शिकवणीचा वर्गही आहे, हे एकदा लक्षात आले की पाणथरी काढण्याच्या शस्त्रक्रियेचा उपयोग का होतो ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. बी पेशींना मदत करणाऱ्या फॉलिक्युलर साहाय्यक पेशी आयटीपीच्या रुग्णांच्या पाणथरीत वाढलेल्या असतात, असे फ्रान्समधील संशोधकांनी २०१४मध्ये दाखवले.

साहाय्यक पेशींचे आणखी उपप्रकार असतात. आयटीपीत टीएच१ हा दाहाकडे झुकणारा प्रकार टीएच२च्या तुलनेत वरचढ ठरतो, हे अनेक अभ्यासांत आढळले आहे. टीएच१७विषयीचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. घरच्यांनी या उपप्रकारांच्या आकड्यांत फार गुंतू नये.

नियामक टी पेशींवर मात्र थांबायला हवे. शिमोन साकागुची यांनी १९९५मध्ये सीडी२५ हे चिन्ह बाळगणाऱ्या, इतर टी पेशींना आवर घालणाऱ्या पेशी दाखवून दिल्या. मेरी ब्रुन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१मध्ये फॉक्सपी३ या जनुकाचा दोष शोधला आणि २००३मध्ये हेच जनुक नियामक पेशींचा कणा असल्याचे सिद्ध झाले. या तिघांना २०२५चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा वर्तमानपत्रांतून हा शब्द घरोघरी पोहोचला. आयटीपीच्या रुग्णांत या पेशी संख्येने कमी असतात असे काही अभ्यास सांगतात, तर काहींच्या मते संख्या ठीक असते पण आवर घालण्याची ताकद घटलेली असते. उपचार लागू पडलेल्या रुग्णांत ही ताकद परत येते, आणि ते केवळ प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांनीच होते असे नाही. प्लेटलेटचे उत्पादन वाढवणाऱ्या औषधांनंतरही नियामक पेशी सुधारल्याचे २०१०मध्ये आढळले. हे थोडे बुचकळ्यात टाकणारे आहे. त्याचे एक स्पष्टीकरण असे दिले जाते की प्लेटलेटच्या आतील कणिकांत टीजीएफ-बीटा नावाचे द्रव्य मोठ्या प्रमाणात असते आणि नियामक पेशींना त्याची गरज लागते. तसे असेल तर प्लेटलेट घटल्यामुळे नियामक पेशी दुबळ्या पडतात आणि त्या दुबळ्या पडल्यामुळे प्लेटलेट आणखी घटतात. आधी काय बिघडले हे एका रिपोर्टवरून ठरवणे अशक्यच.

आणखी एक बिघाड सीडी८ पेशींचा, ज्यांना मारक पेशी म्हणतात. स्वीडनमधील संशोधकांनी २००३मध्ये जुनाट आयटीपीच्या रुग्णांतील टी पेशी प्लेटलेटना थेट, प्रतिपिंडांच्या मध्यस्थीशिवाय नष्ट करतात असे दाखवले. त्या पेशींत परफोरिन आणि ग्रँझाइम या मारक द्रव्यांची जनुके अधिक कार्यरत होती. प्रतिपिंडांचे पान कोरे असतानाही प्लेटलेट का संपतात, याचे एक उत्तर इथे मिळाले. २०१०मध्ये उंदरांवरील प्रयोगात आजाराचे दोन्ही मार्ग वेगळे करून पाहिले, तेव्हा प्रतिपिंडांच्या मार्गाने झालेल्या आजारावर इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडे) चालले, सीडी८च्या मार्गाने झालेल्या आजारावर चालले नाही. उंदरांचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही, तरीही एकाच आजारात एका रुग्णाला लागू पडलेले औषध दुसऱ्याला का लागू पडत नाही, हे समजून घेण्यासाठी तो उपयोगी आहे.

आता ते शेवटचे पान

सूनबाईंच्या पानावर सीडी३ (सगळ्या टी पेशी), सीडी४, सीडी८, सीडी१९ (बी पेशी) आणि नैसर्गिक मारक पेशी अशा पाच ओळी होत्या. फ्लो सायटोमेट्रीच्या, म्हणजे पेशींवरील चिन्हे ओळखून त्या यंत्राने मोजण्याच्या, बहुतेक नेहमीच्या तपासण्यांत एवढेच असते. नियामक पेशी मोजायच्या तर सीडी२५ जास्त आणि सीडी१२७ कमी अशा पेशी वेगळ्या काढाव्या लागतात, आणि पेशीच्या आत फॉक्सपी३ रंगवून पाहावे लागते. तुमच्या पानावर या ओळी नसतील तर नियामक पेशींबद्दल त्या पानाने काहीही सांगितलेले नाही. प्लेटलेटवर हल्ला करणाऱ्या टी पेशी किती आहेत हेही ते सांगत नाही, कारण कोणती टी पेशी कशाला ओळखते याची त्यात नोंदच नसते. शाळेत मुले किती आणि मुली किती हे हजेरीपटावरून कळते, खिडकीची काच कुणी फोडली हे कळत नाही, तसेच हे.

त्यानंतर टक्केवारी आणि प्रत्यक्ष संख्या वेगवेगळ्या वाचाव्यात. समजा एकूण लिम्फोसाइट (टी, बी आणि नैसर्गिक मारक पेशी मिळून होणारा पांढऱ्या पेशींचा गट) २,००० आहेत आणि त्यांतील ४२ टक्के सीडी४ आहेत, तर सीडी४ची संख्या ८४० होते. तीच टक्केवारी कायम राहून एकूण लिम्फोसाइट ९०० झाल्या, तर संख्या ३७८ होते आणि समोर खाली वळलेला बाण छापला जातो. स्टेरॉइड सुरू केल्यावर रक्तातील लिम्फोसाइट नेमक्या याच पद्धतीने घटतात. त्यातील बऱ्याचशा रक्तातून निघून अस्थिमज्जेसारख्या ठिकाणी जाऊन बसतात. मी फाईल मागे उलटून पाहिली, तेव्हा स्टेरॉइडचा पहिला डोस आणि टी पेशींसाठी रक्त घेतल्याची तारीख यांत नऊ दिवसांचे अंतर निघाले. तिन्ही बाणांचा उलगडा तेवढ्यात झाला. त्यामुळे असे पान हाती आले की त्यावरील रक्त घेतल्याची तारीख आणि औषधांच्या चिठ्ठीवरील तारखा शेजारी शेजारी ठेवाव्यात. याहून उपयुक्त अशी वाचनाची युक्ती मला माहीत नाही. लहान मुलांच्या रिपोर्टमध्ये वयानुसारची सामान्य मर्यादा छापली आहे का तेही पाहावे, कारण मुलांत लिम्फोसाइट मुळातच जास्त असतात आणि मोठ्यांच्या मर्यादेला लावून पाहिल्यास भलताच अर्थ निघतो.

शिवाय शरीरातील एकूण लिम्फोसाइटपैकी फार थोड्या, सुमारे दोन टक्के, रक्तात फिरत असतात. खरी घडामोड पाणथरीत आणि अस्थिमज्जेत चाललेली असते, आणि हातातून काढलेल्या पाच मिलिलिटर रक्तात तिची सावलीच तेवढी दिसते.

मग डॉक्टर ही तपासणी कधीच सांगत नाहीत का? सांगतात, पण आयटीपी सिद्ध करण्यासाठी नव्हे, तर आयटीपीच्या आड दुसरा आजार लपलेला नाही ना हे पाहण्यासाठी. मुलाची पाणथरी आणि लसिका गाठी बराच काळ वाढलेल्या असतील आणि प्लेटलेटबरोबर लाल पेशीही नष्ट होत असतील, तर सीडी४ही नाही आणि सीडी८ही नाही अशा ‘दुहेरी निगेटिव्ह’ टी पेशी मोजतात. त्या वाढलेल्या असल्यास एएलपीएस या जन्मजात विकाराचा विचार होतो. वारंवार न्यूमोनिया किंवा सायनसचा संसर्ग होत असेल, तर प्रतिपिंडांची मूळ कमतरता शोधतात. इथे एक गोष्ट वेळेवर करावी लागते. रक्तातील इम्युनोग्लोब्युलिनची पातळी ही शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देण्यापूर्वी तपासून घ्यावी, कारण दात्यांचे इम्युनोग्लोब्युलिन अंगात गेल्यावर रुग्णाची स्वतःची पातळी कळत नाही. भरतीच्या गडबडीत हे राहून जाते. नातेवाइकांनी आठवण केली तर कुणी रागावत नाही.

औषधांची पाने टी पेशींच्या नजरेने

मोठ्या माणसांत रक्तस्राव नसेल आणि प्लेटलेट ३०,०००च्या वर असतील, तर बहुधा औषधाविना लक्ष ठेवले जाते. त्याखाली स्टेरॉइड सुचवले जाते. मुलांत हा आजार अनेकदा विषाणूसंसर्गानंतर येतो, बहुतेकांत काही महिन्यांत आपोआप जातो, आणि केवळ त्वचेवर ठिपके असतील तर आकडा कमी असूनही वाट पाहतात. आजी-आजोबांना हे पटवणे कठीण जाते, हे मी जाणून आहे.

स्टेरॉइड एकाच वेळी भक्षक पेशींची भूक कमी करते, चेतलेल्या टी पेशींना मारते आणि नियामक पेशींना थोडे बळ देते. डेक्सामेथासोन ४० मिलिग्रॅम रोज असे चार दिवस, किंवा प्रेडनिसोलोन काही आठवडे, असे दोन मार्ग आहेत. प्रेडनिसोलोन सहा आठवड्यांपलीकडे लांबवू नये असा अमेरिकी रक्तविकारतज्ज्ञांच्या २०१९च्या मार्गदर्शनाचा कल आहे. या काळात साखर वाढते, तेव्हा सकाळच्या पोह्यांसोबतची जिलबी बंद. गोळ्या मनाने एकदम थांबवू नयेत.

शिरेतून देण्याचे इम्युनोग्लोब्युलिन स्वित्झर्लंडमधील पॉल इम्बाख यांनी मुलांच्या आयटीपीत वापरून १९८१मध्ये प्रसिद्ध केले. ते एक-दोन दिवसांत आकडा चढवते, पण परिणाम साधारण दोन ते चार आठवडेच टिकतो. शस्त्रक्रिया किंवा मोठा रक्तस्राव अशा तातडीला ते उपयोगी.

रिटुक्सिमॅब बी पेशींना मारते. टी पेशींना ते हातही लावत नाही. तरीही ज्यांना ते लागू पडले त्यांच्या नियामक पेशी सुधारल्याचे २००८मध्ये दिसले, कारण बी पेशी गेल्यावर साहाय्यक पेशींची चिथावणीही थंडावते. ते लागू न पडण्याचे एक कारण म्हणजे पाणथरीत दडलेल्या, दीर्घकाळ जगणाऱ्या प्रतिपिंड-उत्पादक पेशी, ज्यांच्यावर या औषधाचे लक्ष्य असलेले चिन्हच नसते. हे औषध सुरू होण्यापूर्वी हेपटायटिस बीची तपासणी झालीच पाहिजे, कारण दबलेला विषाणू पुन्हा उसळू शकतो.

रोमिप्लोस्टिम आणि एल्ट्रोम्बोपॅग ही उत्पादन वाढवणारी औषधे २००८मध्ये अमेरिकेत मान्य झाली. एल्ट्रोम्बोपॅगची गोळी दूध, दही, पनीर, कॅल्शियमची गोळी यांच्या आधी किमान दोन तास किंवा नंतर किमान चार तास घ्यावी, नाहीतर ती पोटातच बांधली जाते. “औषध लागूच पडत नाही” अशी तक्रार घेऊन आलेले एक गृहस्थ ती गोळी महिनाभर रोज कपभर दुधासोबत घेत होते. टी पेशींचा दोष शोधण्याआधी दुधाचा कप शोधावा.

मायकोफेनोलेट आणि सायक्लोस्पोरिन ही टी पेशींवर थेट काम करणारी औषधे आहेत आणि तज्ज्ञ ती निवडक रुग्णांत वापरतात. पाणथरी काढण्याचा निर्णय शक्यतो पहिले वर्ष उलटेपर्यंत लांबवतात, कारण तोवर काहींचा आजार आपोआप निवळतो. शस्त्रक्रिया ठरलीच, तर न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिब (हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी) या जिवाणूंविरुद्धच्या लसी किमान दोन आठवडे आधी घ्याव्यात, आणि नंतर आयुष्यभर कोणताही मोठा ताप आला तर त्याच रात्री रुग्णालय गाठावे.

घरी करायच्या गोष्टी

डेंग्यूच्या सवयीने आपल्याकडचे नातेवाईक प्लेटलेटचा आकडा पाहताच एसडीपीसाठी (एकाच दात्याकडून काढलेल्या प्लेटलेटसाठी) दाते शोधायला धावतात. आयटीपीत दात्याच्या प्लेटलेटनाही तीच प्रतिपिंडे आणि त्याच पेशी भेटतात, त्यामुळे त्या फार टिकत नाहीत. जीवघेण्या रक्तस्रावात त्या देतात, निव्वळ आकडा सुधारण्यासाठी नाही. म्हणून व्हॉट्सॲपवर रक्तगट टाकण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

प्रतिकारशक्ती वाढवणारे म्हणून दिले जाणारे काढे आणि गुळवेल या आजारात डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, कारण इथे प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसून भरकटलेली आहे. गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत स्वयंप्रतिकारासारखा यकृतदाह झाल्याची नोंद मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१मध्ये प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला होता, हेही नमूद करतो. अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन टाळावे, तापाला पॅरासिटामॉल चालते, आणि स्नायूत टोचायचे इंजेक्शन घेण्यापूर्वी प्लेटलेटचा आकडा सांगावा. अचानक तीव्र डोकेदुखी, उलट्या, बोलण्यात अडखळणे, काळी शौच, लघवीत रक्त, तोंडात रक्ताचे फोड, किंवा तासाभरात पॅड भिजवणारी पाळी, यांपैकी काहीही झाले तर रिपोर्टची वाट न पाहता १०८ला फोन करावा किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठावे.

फाईलच्या आतल्या बाजूला एक वहीचे पान चिकटवून त्यावर तीन रकाने आखावेत: तारीख, प्लेटलेट, आणि त्या दिवशी सुरू असलेली औषधे मात्रेसह. रक्तस्राव झाला असेल तर तोही तिथेच लिहावा. सूनबाईंचे असे पान आता दोन्ही बाजूंनी भरले आहे. मार्चपासून त्यांचे औषध बंद आहे, आकडा ६० ते ७० हजारांच्या आसपास रेंगाळतो, आणि त्या पुन्हा शाळेत जातात. टी पेशींचे पान फाईलमध्ये तसेच आहे, फक्त त्याच्या वरच्या कोपऱ्यात मी पेन्सिलने लिहून ठेवले आहे, ‘स्टेरॉइडचा नववा दिवस’.